लॉट्स डीआर-२ : रेडिओ दीर्घिकांचं क्लस्टरिंग मोजायला हा कॅटलॉग कितपत कामाचा?

रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरींत तेजस्वी दिसणाऱ्या दीर्घिका, आकाशात कशा घोळक्यानं राहतात (क्लस्टरिंग) आणि विश्वाच्या वयाबरोबर त्यांची संख्या, ताकद आणि वस्तीची जागा कशी बदलत गेली, हे मोजायचं तर आधी चांगली यादी हवी. लोफार दुर्बिणीच्या टू-मीटर स्काय सर्व्हेचं दुसरं प्रकाशन, म्हणजे लॉट्स डीआर-२, ही २०२२ पासून सर्वांना खुली असलेली अशीच एक यादी. ५,६३४ चौरस अंश आकाश, ४३,९६,२२८ स्रोत, मध्य वारंवारता १४४ मेगाहर्ट्झ, विभेदन ६ आर्कसेकंद आणि नॉइजची (पार्श्वभूमीच्या खरखरीची) मध्यका ८३ मायक्रोजान्स्की प्रति बीम (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक).

निकाल आधीच सांगून टाकतो. क्लस्टरिंगसाठी हा माल जुन्या सगळ्या मोठ्या याद्यांपेक्षा सरस आहे, पण तो शिजवून घ्यावा लागतो. फाइल उतरवून थेट स्रोतांच्या जोड्या मोजायला बसलात (क्लस्टरिंग असंच मोजतात) तर हाती लागेल ते दुर्बिणीच्या दोषांमुळे दिसणारं क्लस्टरिंग. आणि सगळी साफसफाई झाल्यावरही जो दुवा कच्चा राहतो त्याचा रेडिओशी संबंधच नाही. तो आहे रेडशिफ्टचा, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला यावरून कळणाऱ्या अंतराचा.

काय काय मिळतं

प्रतिमा दोन प्रकारच्या आहेत, ६ आर्कसेकंदांच्या आणि २० आर्कसेकंदांच्या. सोबत स्रोतांची यादी, गॉशियन घटकांची (स्रोताच्या आकारावर बसवलेल्या घंटाकृती ठिपक्यांची) वेगळी यादी आणि आकाशाच्या प्रत्येक तुकड्यासाठी नॉइजचा नकाशा. क्लस्टरिंगवाल्याला यातला नॉइजचा नकाशा प्रतिमांपेक्षाही जास्त लागतो, का ते पुढे येईलच. क्षेत्र सलग नाही. एक मोठा तुकडा ४,१७८ चौरस अंशांचा, साधारण १२ तास ४५ मिनिटं विषुवांशाभोवती (आकाशातल्या रेखांशाभोवती). दुसरा १,४५७ चौरस अंशांचा, १ तासाभोवती. दोन्ही तुकड्यांचं मोजमाप वेगवेगळं करून जुळतंय का पाहायची सोय त्यामुळे आयतीच मिळते. ती वापराच.

स्रोत पायबीडीएसएफ या सॉफ्टवेअरनं शोधले आहेत. शिखर स्थानिक नॉइजच्या ५ पट असेल तरच नोंद, आणि त्याभोवतीचं बेट ४ पटींपर्यंत. या उंबरठ्यालगतच्या नोंदी संख्येनं प्रचंड आणि विश्वासाला कमी. त्या ठेवायच्या की टाकायच्या हा पहिला निर्णय.

२०२३ मध्ये याच क्षेत्राची मूल्यवर्धित यादी आली. तिच्यात ४१,१६,९३४ स्रोत आहेत. आकडा घटला, कारण चांगली दृश्य निरीक्षणं असलेलंच क्षेत्र तिच्यात धरलं आहे; शिवाय एकाच दीर्घिकेचे सुटे पडलेले तुकडे जोडले गेले आणि बनावट नोंदी काढल्या गेल्या. ८५ टक्के स्रोतांना दृश्य किंवा अवरक्त प्रकाशातली जोडीदार दीर्घिका सापडली आहे, ५८ टक्क्यांना बऱ्यापैकी रेडशिफ्ट आहे. छोट्या, साध्या स्रोतांची ओळख जोडीदाराच्या तेजावर आणि रंगावर चालणाऱ्या संभाव्यतेच्या गणितानं पटवली आहे. मोठ्या आणि तेजस्वी स्रोतांची ओळख झूनिव्हर्स या लोकसहभागाच्या संकेतस्थळावरच्या स्वयंसेवकांनी डोळ्यांनी पाहून. रेडिओ लोबच्या (दीर्घिकेच्या दोन बाजूंना पसरलेल्या रेडिओ तेजाच्या फुग्यांच्या) मधोमध नेमकी कुठली दीर्घिका बसली आहे, हे ठरवायला अजून तरी माणसाच्या डोळ्याला तोड नाही.

जुन्या याद्यांशी तुलना

एनव्हीएसएस ही अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीची, या क्षेत्रातली जुनी, विश्वासू यादी. १.४ गिगाहर्ट्झ, ४५ आर्कसेकंद, उणे ४० अंश क्रांतीच्या (आकाशातल्या अक्षांशाच्या) उत्तरेचं सगळं आकाश, सुमारे १८ लाख स्रोत. म्हणजे प्रति चौरस अंश जेमतेम ५३. त्याच दुर्बिणीची फर्स्ट ही यादी ५ आर्कसेकंदांची आणि जास्त खोल (जास्त मंद स्रोत टिपणारी), १०,५७५ चौरस अंशांत ९,४६,४३२ स्रोत, प्रति चौरस अंश ८९. लॉट्स डीआर-२ मध्ये हाच आकडा ७८० वर जातो.

वारंवारता वेगळी असल्यानं तेज थेट ताडून पाहता येत नाही. रेडिओ दीर्घिकांचा वर्णपट साधारण उणे ०.७ घातांकाचा (वारंवारतेच्या त्या घाताप्रमाणे तेज घटतं असा) धरला, तर १४४ मेगाहर्ट्झवरचा स्रोत १.४ गिगाहर्ट्झवर ४.९ पट मंद दिसतो. या हिशेबानं लॉट्सचा ८३ मायक्रोजान्स्कीचा नॉइज म्हणजे १.४ गिगाहर्ट्झवरचा सुमारे १७. फर्स्टचा नॉइज आहे १५० च्या आसपास. सामान्य वर्णपटाच्या स्रोतांसाठी लॉट्स नऊ पट खोल आहे. सपाट वर्णपटाच्या क्वेसारांना (सक्रिय कृष्णविवरामुळे झगझगणाऱ्या गाभ्यांना) मात्र हा फायदा मिळत नाही, हे विसरलं जातं. कमी वारंवारतेची यादी जुन्या, पसरलेल्या लोबांना झुकतं माप देते. वस्ती मोजायची असेल तर ते चांगलंच, कारण लोबचं तेज जेट (गाभ्यातून निघणारा झोत) आपल्याकडे वळलेला आहे की नाही यावर अवलंबून नसतं.

फर्स्टचं एक दुखणं लॉट्समध्ये नाही. व्हीएलएच्या बी मांडणीत छोट्या बेसलाइन (अँटेनांमधली अंतरं) कमी, त्यामुळे काही आर्कमिनिटांपर्यंत पसरलेलं तेज फर्स्टमध्ये गळून पडतं आणि एक लांबुडकी दीर्घिका दोन-तीन सुट्या ठिपक्यांत नोंदली जाते. लोफारमध्ये अगदी छोट्या बेसलाइनही आहेत आणि लांबच्याही, म्हणून पसरलेला लोब आणि मधला ठिपका दोन्ही एकाच प्रतिमेत टिकतात.

टीजीएसएसचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण क्लस्टरिंगवाल्यांना सगळ्यात मोठा धडा त्या यादीनं दिला. जीएमआरटीवर १५० मेगाहर्ट्झच्या जवळ केलेला हा सर्व्हे ३६,९०० चौरस अंशांचा, उणे ५३ अंशांच्या उत्तरेचं सगळं आकाश व्यापणारा. २५ आर्कसेकंद, ६ लाखांहून थोडे जास्त स्रोत. एकेकट्या स्रोताचा अभ्यास करायला आजही उत्तम. पण मोठ्या कोनांवर, दहा-वीस अंशांच्या पलीकडे, तिच्यात दिसणारं क्लस्टरिंग एनव्हीएसएसपेक्षा कितीतरी जास्त निघालं आणि आकाशातला द्विध्रुवही (एका बाजूला स्रोत जास्त, समोरच्या बाजूला कमी) फुगलेला. विश्वरचनेत काही नवं सापडल्याची चर्चा झाली. मूळ मात्र तेजाच्या कॅलिब्रेशनमध्ये निघालं: आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत तेजाची मोजपट्टी थोडी थोडी सरकलेली होती.

मोजपट्टी किती सरकलेली चालते

लॉट्सच्या दस्तावेजात तेजाच्या मोजपट्टीची अनिश्चितता १० टक्क्यांच्या घरात सांगितली आहे. एका दीर्घिकेची दीप्ती काढायला हे पुरेसं. क्लस्टरिंगला पुरतं का, याचा हिशेब करून बघा.

कटऑफच्या (यादीत ठेवायच्या किमान तेजाच्या) वर येणाऱ्या स्रोतांची संख्या कटऑफच्या उणे ०.८ व्या घाताप्रमाणे बदलते असं धरू. मग एखाद्या भागात तेज १० टक्के जास्त मोजलं गेलं तर तिथे स्रोत सुमारे ८ टक्के जास्त भरतील. सहसंबंधात, म्हणजे एखाद्या कोनावर यादृच्छिकपेक्षा किती जास्त जोड्या सापडतात या मापात, हा आकडा वर्ग होऊन येतो, म्हणजे ०.००६४. आणि एक अंश कोनावर रेडिओ स्रोतांचा खरा सहसंबंध असतो ०.००१ च्या आसपास. ही भागाभागातली तफावत एका अंशाहून मोठ्या ठिगळांत पसरलेली असेल, तर खोटा संकेत खऱ्याच्या सहापट. तफावत ३ टक्क्यांवर आणली तरी खोटा संकेत खऱ्याच्या निम्म्याहून जास्तच राहतो. १० टक्के हा आकडा पूर्ण यादीचा आहे. एका पॉइंटिंगपासून (दुर्बीण एका वेळी रोखलेल्या जागेपासून) दुसऱ्यापर्यंत किती बदल होतो तो आकडा वेगळा आणि तोच महत्त्वाचा.

लॉट्सच्या पॉइंटिंगमधलं अंतर साधारण २.६ अंश. ज्या कोनांवर क्लस्टरिंग मोजायचं (अर्धा ते पाच अंश) त्याच्या ऐन मध्यात हे अंतर येतं. म्हणून मोजणीच्या आलेखात २.५ अंशांजवळ उंचवटा दिसला तर आनंद मानण्याआधी पॉइंटिंगच्या केंद्रापासूनच्या अंतरानुसार स्रोतांची घनता काढून पाहा.

यावरचा व्यवहारी उपाय म्हणजे कटऑफ उंच ठेवणं आणि वाईट भाग कापून टाकणं. डीआर-२ वर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लस्टरिंगच्या मुख्य अभ्यासात तेज किमान १.५ मिलिजान्स्की आणि शिखराचं संकेत-नॉइज गुणोत्तर किमान ७.५ अशी अट घातली आणि क्षेत्राचा सुमारे ८० टक्के भाग वापरला. उरले साधारण ९ लाख स्रोत. ४४ लाखांतले ९ लाख! यादीच्या जाहिरातीतला आकडा आणि कामाचा आकडा यांत इतकी तफावत असते, हे नव्यानं शिरणाऱ्यानं आधीच गृहीत धरावं. तरीही प्रति चौरस अंश २०० उरतात, एनव्हीएसएसच्या जवळपास चौपट.

रँडम यादी : खरी मेहनत इथे

रँडम यादी म्हणजे क्लस्टरिंग नसलेल्या, पण दुर्बिणीचे सगळे दोष असलेल्या बनावट स्रोतांची यादी; खरी यादी तिच्याशी ताडायची असते. जोड्या मोजण्याचं लँडी-साले सूत्र सगळ्यांना माहीत असतं: खऱ्या-खऱ्या जोड्यांतून खऱ्या-रँडम जोड्यांची दुप्पट वजा, त्यात रँडम-रँडम अधिक, आणि सगळ्याला रँडम-रँडमनं भाग. सूत्र सोपं आहे. रँडम यादी बनवणं सोपं नाही, आणि लॉट्ससोबत प्रत्येक कटऑफसाठी तयार रँडम यादी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आमच्या मते या उत्पादनातली ही सर्वांत ठळक उणीव.

आकाशावर समान पसरलेले ठिपके टाकून चालत नाही. क्रम असा ठेवावा. आधी एखाद्या मान्य सिम्युलेशनमधून तेज आणि आकार यांच्या जोड्या घ्या आणि यादृच्छिक जागी ठेवा. तेज कटऑफच्या बरंच खालपासून हवं. मग त्या जागेचा नॉइज नकाशातून वाचा. आकारामुळे शिखर किती बसकं होईल ते लावा. त्यावर धूसरपणाची दुरुस्ती लावा: आयनोस्फिअरमधल्या शिल्लक चुका आणि वेळ-वारंवारतेची सरासरी यांमुळे पॉइंटिंगच्या केंद्रापासून दूर जावं तसं शिखराचं तेज पसरतं, एकूण तेज मात्र जवळपास तेवढंच राहतं. त्यानंतर मोजमापातली चूक यादृच्छिकपणे मिसळा. आणि मगच खऱ्या यादीला लावलेल्या अटी इथे लावा.

मोजमापातली चूक मिसळायची पायरी बऱ्याचदा गाळली जाते. ती गाळली की कटऑफजवळ गडबड होते. मंद स्रोत तेजस्वी स्रोतांपेक्षा संख्येनं जास्त, त्यामुळे नॉइजमुळे वर ढकलले जाणारे स्रोत खाली ढकलल्या जाणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त भरतात. नॉइज जास्त असलेल्या भागात ही भर जास्त. रँडममध्ये हा परिणाम नसेल तर नॉइजचा नकाशाच क्लस्टरिंग म्हणून समोर येतो.

गाळायची क्षेत्रं कोणती? फार तेजस्वी स्रोतांभोवतीची वर्तुळं, सर्व्हेची कड, आणि ज्या मोझेइकमध्ये (अनेक पॉइंटिंग जोडून बनवलेल्या प्रतिमेत) शेजारचं पॉइंटिंग नसल्यानं नॉइज एकदम चढतो असे पट्टे. क्रांती कमी होईल तसं लोफारचे अँटेना तिरपे पडतात आणि संवेदनक्षमता घटते, म्हणून दक्षिणेकडच्या टोकाकडे जास्त बारकाईनं पाहा.

रँडम किती? खऱ्याच्या किमान दहापट. ९ लाख स्रोतांना ९० लाख रँडम. पाच अंशांपर्यंतच्या रँडम-रँडम जोड्या सुमारे ७०० अब्ज भरतात. दोन लूप लिहून मोजायचा हा प्रकार नाही. ट्रीकॉरसारखं वृक्षरचनेवर चालणारं पॅकेज घ्या आणि कोनांचे कप्पे लॉगरिदमी ठेवा. चुकांचा अंदाज जॅकनाइफनं (क्षेत्राचा एकेक तुकडा गाळून पुन्हा मोजून) काढणार असाल तर तुकडे मोजणीच्या सर्वांत मोठ्या कोनापेक्षा मोठे हवेत. ४,५०० चौरस अंशांचे १०० तुकडे केले तर एकेक साधारण ६.७ अंश बाजूचा होतो, पाच अंशांच्या मोजणीला तो पुरेसा. ५०० तुकडे केले तर चुका आकर्षक रीतीनं लहान दिसतील आणि मोठ्या कोनांवर त्या खोट्या असतील. शेजारच्या कप्प्यांतल्या चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे पूर्ण सहविचलन मॅट्रिक्स (चुकांचे परस्परसंबंध दाखवणारी सारणी) वापरा. कर्णावरचे आकडे घेऊन भागवू नका.

दुहेरी स्रोतांचा घोळ

दोन लोब असलेली रेडिओ दीर्घिका यादीत दोन नोंदी म्हणून आली, तर ते मतदार यादीत एकाच माणसाचं नाव दोनदा लागल्यासारखं आहे. शेजारी शेजारी दोन मतदार दिसतात. एनव्हीएसएसमध्ये साधारण ७ टक्के स्रोत असे बहुघटकी, आणि त्यामुळे ०.१ अंशाच्या खाली सहसंबंधाचा आलेख एकदम उभा चढतो. त्यावरच्या कोनांवर उतार उणे ०.८ च्या आसपास स्थिरावतो आणि तोच खऱ्या मोठ्या रचनेचा भाग.

लॉट्समध्ये विभेदन चांगलं आणि घटक जोडलेली यादी हाताशी, तरी छोट्या कोनांवर विसंबू नये. डोळ्यांनी तपासणी मोठ्या आणि तेजस्वी स्रोतांचीच झाली आहे; मंद दुहेरी अजूनही सुटे असू शकतात. शिवाय अर्ध्या अंशाच्या खाली एकाच हॅलोमधल्या (दीर्घिकांभोवतीच्या कृष्णद्रव्याच्या गोळ्यामधल्या) दोन दीर्घिकांचा वाटा वाढत जातो, आणि त्याला साधं रेषीय बायसचं (कृष्णद्रव्याच्या तुलनेतल्या घोळक्याच्या प्रमाणाचं) प्रतिमान लागू पडत नाही. म्हणून अर्धा ते पाच अंश हा पट्टा धरावा. त्या पट्ट्यात मूळ यादी घ्या की मूल्यवर्धित, फारसा फरक पडू नये. आम्ही मूळ यादीच सुचवू, कारण पायबीडीएसएफनं काय केलं याची नक्कल रँडममध्ये करता येते. स्वयंसेवकांनी काय केलं याची नक्कल करता येत नाही. दीप्तिफल (कुठल्या दीप्तीच्या किती दीर्घिका, याचं वितरण) काढायचं असेल तेव्हा मात्र मूल्यवर्धित यादीला पर्याय नाही. एका दीर्घिकेचे दोन तुकडे दोन मंद दीर्घिका म्हणून मोजले गेले तर फलाचं वरचं टोक खचतं आणि खालचं फुगतं.

कच्चा दुवा

आता रेडशिफ्ट. आकाशावर दिसणारा कोनीय सहसंबंध म्हणजे सगळ्या अंतरांवरचं क्लस्टरिंग एकावर एक चेपलेलं. त्यातून बायस काढायचा, म्हणजे रेडिओ दीर्घिका कृष्णद्रव्याच्या तुलनेत किती जास्त घोळक्यानं राहतात तो आकडा काढायचा, तर स्रोत रेडशिफ्टमध्ये कसे पसरलेत हे ठाऊक हवं. वितरण जितकं रुंद, तितका सहसंबंध विरळ. सहसंबंध बायसच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वितरणाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात जातो, त्यामुळे रुंदी २० टक्के चुकली की बायस सुमारे १० टक्के चुकतो.

हे वितरण येतं कुठून? लॉट्सच्याच तीन खोल क्षेत्रांतून: ईलाइस-एन१, लॉकमन होल आणि बूटीज. तिथे ९७ टक्क्यांहून जास्त रेडिओ स्रोतांना जोडीदार दीर्घिका सापडली आहे आणि अनेक फिल्टरांची प्रकाशमिती असल्यानं फोटोमेट्रिक रेडशिफ्ट चांगले आहेत. फारच सुरेख काम. पण तिन्ही मिळून क्षेत्र सुमारे २६ चौरस अंश. १.५ मिलिजान्स्कीच्या वर प्रति चौरस अंश २०० स्रोत धरले तर एकूण पाच हजारांच्या आसपास. म्हणजे ९ लाख स्रोतांचं अंतर पाच हजार स्रोतांच्या भरवशावर, आणि ते पाच हजार आकाशाच्या तीन छोट्या खिडक्यांतले. त्या खिडक्यांपैकी एकीत एखादा मोठा दीर्घिकासमूह आला तरी वितरणात टेंगूळ येतं.

२०२४ च्या त्याच अभ्यासाचे आकडे पाहा. बायस सगळ्या काळात सारखा धरला तर २.१४, चूक ०.२ च्या आसपास. तो काळाबरोबर बदलतो असं धरलं, म्हणजे रचनावाढीच्या गुणकाच्या व्यस्त प्रमाणात, तर आज १.७९ आणि नमुन्याच्या मध्यक रेडशिफ्टवर २.८१. खोल क्षेत्रांचं वितरण किंचित हलवायची मुभा दिली की हेच २.०२ आणि १.६७ होतात. मापं चांगली आहेत. पण एकाच आलेखातून दोन्ही प्रतिमानं निघतात हे लक्षात घ्या. या आकड्यावरून 'रेडिओ दीर्घिकांचा बायस काळाबरोबर वाढला हे दिसलं' असं कुणी लिहिलं तर ते गृहीतकच निष्कर्ष म्हणून परत विकणं आहे.

मग ५८ टक्के रेडशिफ्ट असलेले स्रोत घेऊन थेट थर पाडावेत का? मोह होतो, पण तिथे सापळा आहे. ज्यांना चांगला रेडशिफ्ट मिळाला त्या दीर्घिका दृश्य प्रकाशात तेजस्वी, म्हणजे बहुतांशी रेडशिफ्ट १ च्या अलीकडच्या आणि वजनदार. वजनदार दीर्घिका मुळातच दाट वस्तीत राहतात. नमुना निवडतानाच क्लस्टरिंग वाढवून घेतलं जातं. दुसरं, दृश्य प्रकाशाचा लेगसी सर्व्हे ३२ अंश क्रांतीच्या आसपास उत्तर आणि दक्षिण असा वेगवेगळ्या दुर्बिणींत विभागलेला आहे. खोली बदलते, फिल्टर थोडे बदलतात आणि रेडशिफ्ट मिळण्याचं प्रमाणही बदलतं. रेडिओची रँडम यादी कितीही नीट केलीत तरी ही शिवण तिच्यात नसते. ती वेगळी घालावी लागते.

यातून सुटायचा चांगला मार्ग क्रॉस-कोरिलेशनचा. प्लँक उपग्रहाच्या पार्श्वप्रारणातल्या गुरुत्वीय भिंगाच्या नकाशाशी लॉट्सची सांगड घातली की संकेत बायसच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात येतो आणि वितरणाच्या रुंदीवर वेगळ्या रीतीनं अवलंबून असतो. दोन मापं एकत्र बसवली की बायस आणि रुंदी यांची मिठी बरीचशी सुटते. आणखी एक फायदा: लोफारच्या कॅलिब्रेशनच्या चुकांना प्लँकच्या चुकांशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे वर सांगितलेला सहापट खोटा संकेत इथे आपोआप गळतो. वेळ कमी असेल तर आधी हेच करा.

उत्क्रांतीसाठी वापरायचं तर

इथे लॉट्स डीआर-२ आणि खोल क्षेत्रं यांची वाटणी स्पष्ट आहे. अतिशय ताकदवान रेडिओ दीर्घिकांची सहगामी घनता (विश्वाच्या प्रसरणाचा परिणाम वगळून काढलेली घनता) आजपासून रेडशिफ्ट २ पर्यंत मागे जाताना सुमारे हजार पटींनी वाढते, मग घटते. कमी ताकदीच्या दीर्घिकांची घनता रेडशिफ्ट १ पर्यंत फारशी हलत नाही. पहिला गट दुर्मिळ, त्याला मोठं क्षेत्र हवं. दुसरा मंद, त्याला खोली हवी. एकाच फाइलमधून दोन्ही काढायला जाऊ नका.

१.५ मिलिजान्स्कीचा कटऑफ वेगवेगळ्या अंतरांवर काय अर्थ घेतो ते पाहा. रेडशिफ्ट ०.३ वर तो दीप्तीत सुमारे ४ गुणिले १० चा २३ वा घात वॅट प्रति हर्ट्झ होतो, रेडशिफ्ट १ वर ६ गुणिले १० चा २४ वा, आणि २ वर ३ गुणिले १० चा २५ वा. अलीकडे मंद दीर्घिका आणि पलीकडे फक्त दांडग्या, असा हा नमुना. त्यातून 'दूरच्या रेडिओ दीर्घिका जास्त घोळक्यानं राहतात' असं निघालं तर ते अंतरामुळे की ताकदीमुळे, हे सांगता येत नाही. उपाय जुनाच: रेडशिफ्टच्या प्रत्येक थरात दीप्तीची तीच खालची मर्यादा ठेवा आणि नमुना आक्रसला तरी सहन करा.

दुसरी भेसळ तारानिर्मितीची. १५० मेगाहर्ट्झवर साधारण १.५ मिलिजान्स्कीच्या खाली तारे घडवणाऱ्या दीर्घिकांचं बहुमत होतं आणि १०० मायक्रोजान्स्कीपर्यंत गेलं की त्या नव्वद टक्क्यांच्या घरात. म्हणजे क्लस्टरिंगचा नेहमीचा कटऑफ बरोबर सीमारेषेवर आहे. वरच्या २.१४ मध्ये दोन वेगळ्या जमातींची सरासरी लपली आहे: कृष्णविवरावर चालणाऱ्या रेडिओ दीर्घिका, ज्या १० चा १३ वा घात सौरवस्तुमानांच्या किंवा त्याहून जड हॅलोंत बसतात, आणि तारानिर्मितीवाल्या, ज्या हलक्या हॅलोंतही सापडतात. शुद्ध रेडिओ दीर्घिका हव्या असतील तर कटऑफ दहा मिलिजान्स्कीच्या घरात न्या. संख्या घसरेल, पण काय मोजलं ते सांगता येईल. कमी आणि जास्त उत्तेजनाच्या (वर्णपटातल्या रेषा क्षीण किंवा ठळक असलेल्या) रेडिओ दीर्घिका वेगळ्या काढायच्या, तर डीआर-२ पुरत नाही. खोल क्षेत्रांतलं २०२३ चं वर्गीकरण किंवा प्रत्यक्ष वर्णपट लागतात. ला पाल्मावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीवर वीव्ह उपकरणाचा रेडिओ स्रोतांसाठीचा कार्यक्रम आहे तो याचसाठी.

आकारावरून जमात ओळखायची सवय असेल तर तीही सांभाळून. फानारॉफ आणि रायली यांनी १९७४ मध्ये आखलेली दीप्तीची रेषा, इकडे कडेला विझणाऱ्या आणि तिकडे टोकाला उजळणाऱ्या, लॉट्सच्या पहिल्याच प्रकाशनात धूसर झाली. टोकाला उजळणाऱ्या दीर्घिका त्या रेषेच्या हजार पट खालीही सापडल्या. दीप्तीवरून प्रकार ठरवून क्लस्टरिंगचे दोन नमुने पाडणारा जुना कोड असेल तर तो इथे चालवू नका.

दस्तावेज आणि बारीकसारीक

स्तंभांची माहिती नीट दिलेली आहे, प्रत्येक नोंदीसोबत स्थानिक नॉइज आहे, आणि नोंद एकाच गॉशियनची की अनेकांची हे सांगणारा कोडही आहे. मूळ आणि मूल्यवर्धित यादी एकत्र जोडताना नावावर विसंबू नका. घटक जोडल्यावर स्रोताचं स्थान सरकतं आणि नाव स्थानावरूनच बनतं. घटकांच्या सारणीतून जोड लावा. तेजाचं एकक प्रत्येक फाइलच्या शीर्षकात तपासा, जान्स्की की मिलिजान्स्की. शिखरावरून काढलेलं संकेत-नॉइज गुणोत्तर आणि एकूण तेजावरून काढलेलं यांत पसरलेल्या स्रोतांसाठी मोठा फरक पडतो, ७.५ ची अट शिखराची आहे. आणि निकाल छापण्याआधी तोच कोड १.५, २ आणि ४ मिलिजान्स्कीवर, दोन्ही तुकड्यांवर वेगवेगळा आणि नॉइजच्या मध्यकेच्या वरखाली असे दोन भाग करून चालवा. या चाचण्यांत आलेख चुकांच्या मर्यादेत जुळले नाहीत तर दोष जवळजवळ नेहमी रँडम यादीत असतो, आणि त्यातही बहुधा धूसरपणाच्या दुरुस्तीत.